आतलं पाणी, बाहेरचं पाणी

वाचकांचे प्रश्न : डोळे

गेल्या अंकात डोळ्यांविषयी प्रश्न मागवले होते. आलेल्या निम्म्याहून अधिक पत्रांत 'पाणी' हा शब्द आहे, आणि त्यात दोन वेगळ्या पाण्यांची सरमिसळ झाली आहे. म्हणून उत्तरांआधी थोडं त्याविषयी. बाहेरचं पाणी म्हणजे अश्रू. ते वरच्या पापणीमागे, कानाकडच्या बाजूच्या ग्रंथीत तयार होतात. नाकाकडच्या कोपऱ्यात वरच्या आणि खालच्या पापणीच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढं एकेक छिद्र असतं, त्यातून ते बारीक नळ्यांत, मग अश्रुपिशवीत आणि तिथून हाडातल्या नळीने नाकात उतरतात. रडताना नाक गळतं ते म्हणूनच. आतलं पाणी निराळं. ते रंगीत बुबुळामागे मिनिटाला साधारण २ ते २.५ मायक्रोलिटर तयार होतं, बाहुलीतून पुढे येतं आणि बुबुळ व समोरची पारदर्शक कॉर्निया जिथे मिळतात त्या कोनातल्या जाळीतून रक्तात जातं. बाहेरची मोरी तुंबली की डोळा गळतो. आतली तुंबली की डोळ्याचं प्रेशर वाढतं, आणि बहुतेक वेळा ना दुखतं ना पाणी येतं. याला दोन अपवाद आहेत, ते खाली बाळाच्या आणि अर्धशिशीच्या पत्रांत येतील.

वय ५२. चष्म्याचा नंबर काढायला गेलो तर डोळ्यांचं प्रेशर उजवीकडे २४, डावीकडे २५ निघालं. 'काचबिंदूची सुरुवात आहे, ड्रॉप्स जन्मभर' असं सांगितलं. दुसरीकडे तेच १९ आलं आणि 'काही नाही' म्हणाले. मला तर व्यवस्थित दिसतं. कोणाचं खरं मानू? (परभणी)

आकडे दोघांचेही खरे असतील, निष्कर्ष मात्र दोघांचाही घाईचा दिसतो. १० ते २१ हे नेहमीचं प्रेशर धरतात. ते वाढलं तर धोका वाढतो, पण रोग म्हणजे डोळ्याच्या नसेची झीज. २४ प्रेशर असून वर्षानुवर्षं नस ठणठणीत असलेली माणसं आहेत, आणि १६ वर नस खंगत गेलेलीही आहेत. तेव्हा नुसत्या आकड्यावर ड्रॉप्स सुरूही करू नयेत आणि फाइलही बंद करू नये.

आधी विचारा, मोजलं कशानं? चष्म्याच्या तपासणीत बहुधा हवेचा फुंकर मारणारं यंत्र असतं. चाळणी लावायला ते ठीक आहे, पण पापण्या घट्ट मिटल्या, श्वास रोखला किंवा कॉलर गळ्याशी आवळलेली असली की आकडा फुगतो. भरवशाचं ते गोल्डमनचं यंत्र. त्यात भुलीचा थेंब आणि पिवळा रंग घालून निळ्या उजेडात कॉर्नियाला एक छोटं टोक टेकवतात, आणि ३.०६ मिलिमीटर व्यासाचा भाग सपाट करायला किती जोर लागतो ते पाहतात. यातही एक खोच आहे. हे यंत्र कॉर्नियाची जाडी साधारण ५२० मायक्रॉन धरून चालतं. तुमची ६०० असेल तर प्रेशर खऱ्यापेक्षा जास्त दिसेल, ४८० असेल तर कमी. जाडी मोजायला मिनिटही लागत नाही. चष्मा घालवायचं लेझर झालेल्यांनी ते आधीच सांगावं, त्यांची कॉर्निया मुद्दाम पातळ केलेली असते. शिवाय प्रेशर दिवसभर खालीवर होतं, निरोगी डोळ्यातसुद्धा ३ ते ५ अंकांनी. एकीकडे सकाळी नऊला आणि दुसरीकडे संध्याकाळी मोजलं असेल, तर तुमच्या दोन आकड्यांतला बराचसा फरक तिथेच मिटतो.

दुसरी तपासणी गोनिओस्कोपी. डोळ्यावर आरशांची छोटी लेन्स टेकवून पाणी निघून जायचा तो कोन उघडा आहे की चिंचोळा, ते प्रत्यक्ष पाहतात. दोन-तीन मिनिटांचं काम. सगळ्यात जास्त वगळली जाणारी तपासणीही हीच, कारण तिचा रंगीत कागद हातात पडत नाही आणि रुग्णाला काही मिळाल्यासारखं वाटत नाही. पण कोन उघडा असेल तर उपचार एक आणि चिंचोळा असेल तर पार वेगळे. ती झाल्याशिवाय 'काचबिंदू' हा शब्द अर्धाच राहतो.

मग नस. बाहुली मोठी करून पाहिलं की नसेच्या मधोमध एक खळगा दिसतो. खळगा मोठा म्हणजे काचबिंदूच, असं नाही. काहींची नसच मोठी असते आणि खळगाही त्या मापाचा असतो. बघायचं असतं ते खळग्याभोवतीचं काठाचं मांस: खाली किंवा वर ते झिजलंय का, दोन डोळ्यांत फरक आहे का, काठावर रक्ताची बारीक रेघ आहे का. ओसीटी म्हणजे नसेच्या थरांची जाडी मोजणारं स्कॅन; त्याच्या कागदावरचे लाल पट्टे पाहून दचकू नका. ते तुमची तुलना यंत्रात भरलेल्या सर्वसाधारण डोळ्यांशी करतात. मोठ्या मायनस नंबरच्या डोळ्यात रोग नसतानाही लाल येतं. कागदावर सिग्नल १० पैकी ६ च्या खाली असेल तर तो कागद बाजूला ठेवून तपासणी पुन्हा करून घ्या.

चौथी फील्ड टेस्ट, म्हणजे कडेची नजर किती शाबूत आहे त्याची तपासणी, आणि ही तुम्हाला स्वतःलाच द्यायची आहे, म्हणून नीट वाचा. एका डोळ्याला पट्टी, हनुवटी टेकवलेली, समोर वाडग्यासारखा पांढरा गोल, मधे एक ठिपका. नजर ठिपक्यावरून हलवायची नाही. कडेला कुठे उजेड लुकलुकला असं वाटलं की बटण दाबायचं. पुष्कळ ठिपके दिसणार नाहीत आणि ते तसंच असायला हवं. तुम्हाला जेमतेम दिसेल तिथपर्यंत यंत्र उजेड मंद करत जातं. 'बराच वेळ काही दिसलं नाही' म्हणून घाबरून लोक अंदाजाने बटण दाबत सुटतात. मग खोट्या होकारांचं प्रमाण १५ टक्क्यांच्या वर जातं आणि कागद वाया जातो. पापणी ओघळलेली असेल तर वरचं फील्ड गेल्यासारखं दिसतं, अशा वेळी ती चिकटपट्टीने वर धरायला सांगा. चष्म्याची भिंग नीट बसली नसेल तर कडेने गोल कडं उमटतं. थकलात तर बटण दाबून धरा, बहुतेक यंत्रं तेवढ्यापुरती थांबतात. पहिली टेस्ट सरावाची समजा. निदान दोन टेस्टमध्ये डाग एकाच जागी आला तर तो खरा.

'व्यवस्थित दिसतं' या दिलाशावर मात्र जाऊ नका. नसेत दहा-बारा लाख तंतू असतात. त्यांतले तिसरा हिस्सा गेले तरी फील्ड टेस्ट स्वच्छ येऊ शकते, आणि मधली नजर तर शेवटपर्यंत टिकते. तक्त्यावरची शेवटची ओळ वाचणाऱ्या माणसाला रस्त्यावर बाजूने येणारी सायकल दिसत नाही, अशी गत होते.

तुमच्यापुरतं सांगायचं तर या चारही गोष्टी एका ठिकाणी, एका डॉक्टरांकडून करून घ्या. नस, फील्ड ठीक आणि कॉर्निया जाड निघाली तर ड्रॉप्स न घालता सहा ते बारा महिन्यांनी तपासत राहणं अगदी योग्य आहे. काठ झिजलेला निघाला तर १९ वरही ड्रॉप्स लागतील. काचबिंदू ठरलाच तर चाळिशीपुढच्या भावंडांनाही तपासायला पाठवा, आणि पहिले कागद जपून ठेवा. पाच वर्षांनी 'वाढला का?' याचं उत्तर त्यांच्याशी ताडूनच मिळतं.

बाळ चार महिन्यांचं आहे. जन्मल्यापासून डावा डोळा पाणावलेला, सकाळी चिपडांनी चिकटलेला असतो. सासूबाई अंगावरचं दूध घालायला सांगतात. डॉक्टरांनी मसाज सांगितला, पण कसा करायचा ते कळलं नाही. किती वाट पाहायची? (बारामती)

अश्रूंची नळी नाकात उघडते तिथे जन्माच्या वेळी एक पातळ पडदा राहून गेलेला असतो. दहापैकी नऊ बाळांत तो वर्षाच्या आत आपोआप उघडतो; मसाज त्याला मदत करतो. पिशवीत साचलेलं पाणी खाली दाबून त्या दाबानेच पडदा फोडायचा, एवढाच त्यामागचा हेतू. म्हणून दिशा आणि जागा चुकली तर मसाज फुकट जातो. बहुतेक घरांत नाकाचं हाड चोळलं जातं किंवा खालची पापणी कुरवाळली जाते.

नखं कापा, हात धुवा. करंगळी किंवा तर्जनीचं टोक डोळ्याचा आतला कोपरा आणि नाक यांच्या मधल्या खाचेत ठेवा. तिथे हाडाची कड लागते. त्या कडेला आत दाबा. पहिल्या दाबाला वर पू किंवा चिकट पाणी आलं तर उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुसून घ्या. मग दाब न सोडता बोट नाकाच्या कडेने सरळ खाली, साधारण एक सेंटिमीटर, सरकवा. बोट उचला, पुन्हा वर ठेवा. खालून वर चोळत आणायचं नाही. जोर किती? तुमच्या नखाखालचा गुलाबी रंग पांढरा पडेल इतका. अशा दहा खेपा, दिवसातून चार वेळा. पाजताना केलं की बाळ कुरकुरत नाही आणि तुम्हीही विसरत नाही.

अँटिबायोटिक थेंब चिपडं पिवळी-हिरवी झाली तरच, काही दिवसांपुरते. ते जंतू मारतात, पडदा उघडत नाहीत, म्हणून महिनोन्महिने घालत राहू नका. दूध नको, त्यातल्या साखरेवर जंतू पोसतात. काजळही नको, त्याची काजळी त्या बारीक छिद्रात बसते आणि विकतच्या काही काजळांत शिसं असतं. सासूबाईंना सांगा, त्यांचा हात मसाजाला लागू दे, तिथे अनुभवी बोटांचा उपयोग आहे. वर्षाचं झाल्यावरही पाणी थांबलं नाही तर थोडा वेळ भूल देऊन बारीक सळई घालून नळी मोकळी करतात. बहुतेकांचं काम पहिल्याच खेपेत होतं. दीड-दोन वर्षांपुढे रेंगाळलात तर यश कमी होत जातं.

आता वर म्हटलेला पहिला अपवाद. पाणी येतं पण चिपडं नाहीत, उजेडात नेलं की बाळ डोळे गच्च मिटतं, आईच्या खांद्यात तोंड खुपसतं, बुबुळ धुरकट-निळसर किंवा मोठं वाटतं: हा नळीचा प्रश्न नव्हे, जन्मजात काचबिंदू असू शकतो. बाळाचा डोळा मऊ असतो, आतलं प्रेशर वाढलं की तो फुगतो. नवजात बाळाच्या कॉर्नियाचा व्यास १० मिलिमीटरच्या आसपास असतो. ११ च्या पुढे शंका घ्यायची, पहिल्या वर्षात १२ च्या पुढे तर नक्कीच. आणि घरात काय होतं, तर येणारेजाणारे 'काय टपोरे डोळे आहेत!' म्हणून दृष्ट काढून जातात. यात वाट पाहणं नाही, त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे. याचा खरा उपचार ऑपरेशन हाच आहे. आजोबांचे काचबिंदूचे ड्रॉप्स बाळाला घालायचा विचारही नको. त्यांतल्या ब्रिमोनिडिनने दोन वर्षांखालच्या मुलांचा श्वास मंदावू शकतो.

जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत कोपऱ्यात निळसर गाठ दिसली, किंवा पुढे कधी लाल, गरम सूज आणि ताप आला, तर तेही त्याच दिवशी दाखवायचं.

वय ५८. मोतीबिंदूच्या शिबिरात डोळ्याच्या कोपऱ्यात सुईने पाणी सोडून पाहिलं आणि 'लासरू आहे, आधी त्याचं ऑपरेशन करा' म्हणून परत पाठवलं. मोतीबिंदूचा आणि नाकाचा काय संबंध? (रत्नागिरी)

परत पाठवलं ते बरंच केलं, ताई. लासरू म्हणजे अश्रुपिशवीत साचून राहिलेलं, जंतू वाढलेलं पाणी. मोतीबिंदू काढताना डोळ्याला छेद द्यावा लागतो. पिशवीतला पू त्या वाटेने आत गेला तर दोन-चार दिवसांत डोळा गमावायची पाळी येते.

ती 'सुई' टोकदार नसते. बोथट, वाकवलेली बारीक नळी खालच्या छिद्रात घालून सलाइन सोडतात. घशात खारट लागलं तर मार्ग मोकळा. सलाइन वरच्या छिद्रातून परत आलं, त्यात पू-शेंबूड मिसळलेला असला, तर अडथळा पिशवीच्या खाली. ज्या छिद्रातून सोडलं तिथूनच उलटलं तर अडथळा अलीकडे, बारीक नळीत, आणि ते ऑपरेशन जास्त किचकट. म्हणून 'कुठून परत आलं' हे चिठ्ठीवर लिहून मागा. घरी पाहायचं तर सकाळी तोंड धुण्याआधी आरशासमोर कोपऱ्यातली पिशवी दाबा. छिद्रातून पांढरट पिवळं काही वर आलं तर शंका उरत नाही.

मोठ्या माणसांत ही नळी मसाजाने किंवा थेंबांनी उघडत नाही. चाळिशीपुढच्या बायकांत हा त्रास जास्त, कारण त्यांची हाडातली वाट मुळात अरुंद असते. उपाय डीसीआर. बंद नळीच्या नादी न लागता पिशवी आणि नाक यांच्या मधलं हाड थोडं काढून पिशवी थेट नाकात उघडायची. बाहेरून केलं तर नाकाच्या कडेला १०-१२ मिलिमीटरचा छेद येतो, जो काही महिन्यांत सुरकुतीत मिसळतो. दुर्बिणीने नाकातून केलं तर तोही नाही. अनुभवी हाताखाली दोन्हींत दहापैकी नऊ जणांचं पाणी थांबतं. फार थकलेल्या माणसाची नुसती पिशवीच काढून टाकतात. त्यात जंतूंचा धोका जातो, पण डोळ्याचं पाणी राहतं, हे आधी समजून होकार द्यावा.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर आधी सांगा, स्वतःहून बंद करू नका. ऑपरेशननंतर आठ-दहा दिवस नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची, झोपताना डोकं उंच. साधारण महिनाभराने पुन्हा पाणी सोडून मार्ग मोकळा आहे याची खात्री झाली की मोतीबिंदू. मधल्या काळात पिशवी लाल होऊन ठणकायला लागली तर ती पिळू नका आणि तेव्हा कोणाला सुई घालू देऊ नका, जंतू आजूबाजूला पसरतात. आधी पोटातून औषध, सूज गेल्यावर ऑपरेशन.

आईला (७१) काचबिंदूचे दोन ड्रॉप्स आहेत. अडीच मिलिलिटरची बाटली दोन आठवड्यांत संपते. शिवाय दुसरा ड्रॉप सुरू झाल्यापासून तिला धाप लागते, नाडीही मंद वाटते. डोळ्याच्या थेंबाने असं होतं का? (नागपूर)

होतं. आधी धापेचं. दुसऱ्या बाटलीवर टिमोलॉल हे नाव आहे का बघा, एकट्याने किंवा जोडीच्या औषधात. असेल तर पुढचा थेंब घालण्याआधी आजच डॉक्टरांना फोन करून बदली औषध घ्या; धाप जास्त असेल तर सरळ दवाखाना गाठा. डोळ्यात घातलेला थेंब बाहेरच्या मोरीने नाकात उतरतो. तिथल्या त्वचेतून तो थेट रक्तात जातो. गोळीसारखा आधी यकृतातून गाळून येत नाही. म्हणून एका थेंबातलं औषधसुद्धा हृदयाचे ठोके मंदावू शकतं आणि दमेकऱ्याच्या श्वासनलिका आवळू शकतं. दमा, हृदयाचे मंद ठोके किंवा हार्ट ब्लॉक (ठोक्यांचा संदेश हृदयात अडणं, रक्तवाहिनीतलं ब्लॉकेज नव्हे) असलेल्यांना टिमोलॉल देतच नाहीत. बरेचदा डोळ्याच्या डॉक्टरांना दमा सांगितलेला नसतो आणि फिजिशियनना ड्रॉप्स. औषधांच्या यादीत थेंबही लिहा.

आता बाटलीचा हिशेब. एक थेंब साधारण ३० मायक्रोलिटर धरला तर अडीच मिलिलिटरमध्ये ८० च्या आसपास थेंब. रोज रात्री एकदा, दोन डोळ्यांत एकेक, म्हणजे महिन्याला ६०. बाटली महिना काढायला हवी. दोन आठवड्यांत संपते म्हणजे प्रत्येक वेळी दोन-तीन थेंब पडताहेत. पापणीच्या खोबणीत एक थेंबही पुरता मावत नाही, दुसरा गालावरच जातो.

आईला उशीवर आडवं झोपवा. वर, पलंगामागच्या भिंतीकडे बघायला सांगा. खालची पापणी ओढून खोबण करा, बाटली उभी धरून टोक पापणीला न लावता एकच थेंब सोडा. डोळा हलकेच मिटायचा, उघडझाप नाही. मग बोटाने आतला कोपरा, तोच मसाजाचा, दोन मिनिटं दाबून धरायचा. यात नाकाची वाट बंद होते, औषध डोळ्यात टिकतं आणि अंगात कमी जातं. दुसरा ड्रॉप पाच मिनिटांनी, नाहीतर तो पहिल्याला धुऊन टाकतो. हात थरथरत असेल आणि थेंब पडला की नाही कळत नसेल तर बाटली फ्रिजमध्ये ठेवा. गार थेंब डोळ्यात गेला की बरोबर कळतो. लॅटॅनोप्रोस्ट या काचबिंदूच्या औषधाच्या बऱ्याच बाटल्या न उघडलेल्या असताना २ ते ८ अंशांत ठेवायच्या असतात, खोक्यावर पाहा. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा, महिन्यात संपवा. एखाद्या रात्री राहून गेला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट नको.

लॅटॅनोप्रोस्टने पापण्यांचे केस लांब-दाट होतात, डोळ्याभोवतीची कातडी काळवंडते, सुरुवातीला डोळे लाल दिसतात. 'चेहरा बिघडला' म्हणून गुपचूप औषध सोडणारे पुष्कळ आहेत. सोडू नका, बदलून मागा.

मी लीड्सला असते. इथे शेजाऱ्यांना काचबिंदू निघाल्यावर थेट लेझर केलं, ड्रॉप्स दिलेच नाहीत. नाशिकला बाबांना मात्र ड्रॉप्सवर ठेवलंय. उपचार जुना चाललाय का?

नाही. ब्रिटनमध्ये ७१८ रुग्णांवर झालेला 'लाइट' अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आधी लेझर केलेल्यांपैकी सुमारे ७४ टक्क्यांना तीन वर्षांनंतरही ड्रॉप्सची गरज पडली नव्हती. त्यानंतर २०२२ मध्ये तिथल्या मार्गदर्शक सूचनांत कोनातल्या जाळीवर मारायच्या या लेझरला, म्हणजे एसएलटीला, पहिलं स्थान मिळालं. ते भारतातही होतं, पण फक्त कोन उघडा असलेल्या काचबिंदूत. म्हणून बाबांची गोनिओस्कोपी झाली आहे का ते आधी विचारा. लेझरला पाचेक मिनिटं लागतात. फरक चार ते सहा आठवड्यांनी दिसतो, तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या आकड्यावर निवाडा करू नये. काही वर्षांनी परिणाम ओसरतो आणि ते पुन्हा करता येतं. तपासणी मात्र सुटत नाही, आणि नेमकी हीच चूक होते: 'लेझर झालं, संपलं'.

बाबा नेमाने थेंब घालत असतील, त्रास नसेल आणि फील्ड स्थिर असेल तर बदलायचं कारण नाही. विसरत असतील, डोळे चुरचुरत असतील किंवा खर्च जड जात असेल तर विषय जरूर काढा. नस फारच झिजली असेल तर लेझर किंवा थेंब पुरत नाहीत, नवी वाट करून देणारं ऑपरेशन लागतं. ते फसलं तर डोळ्यात नळी बसवतात. मदुराईच्या ऑरोलॅबने तशी नळी परदेशी नळीच्या मानाने पुष्कळ कमी किमतीत आणल्यापासून हा उपाय आपल्याकडे बऱ्याच जणांच्या आवाक्यात आला.

बायकोला (४८, प्लस नंबर) अधूनमधून संध्याकाळी एका बाजूने कपाळ दुखतं, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, एकदा उलटीही झाली. झोपून उठली की बरं वाटतं. अर्धशिशीच्या गोळ्या चालू आहेत. (सोलापूर)

हा दुसरा अपवाद असू शकतो. या आठवड्यात गोनिओस्कोपी करून घ्या आणि 'रंगीत कडी' हे शब्द डॉक्टरांना आवर्जून सांगा. प्लस नंबरचा डोळा लहान असतो, आत दाटी असते. संध्याकाळी उजेड कमी झाला की बाहुली अर्धवट मोठी होते आणि तिच्यामागे पाणी अडतं. मग बुबुळ पुढे फुगून कोन बंद करतं. झोपेत बाहुली लहान होते, कोन सुटतो, म्हणून 'झोपलं की बरं'. अर्धशिशीतही झोपेने बरं वाटतं, त्यामुळेच फसगत होते.

कधी तो सुटलाच नाही, डोळा लाल आणि गोटीसारखा कडक झाला, धुरकट दिसायला लागलं, तर रात्रीच हॉस्पिटल गाठायचं. नस काही तासांत खराब होऊ शकते. तिथे शिरेतून मॅनिटॉल, अ‍ॅसिटाझोलामाइड आणि थेंब देऊन प्रेशर उतरवतात. सल्फाची अ‍ॅलर्जी किंवा किडनीचा विकार असेल तर दारातच सांगा.

कोन चिंचोळा निघाला तर याग लेझरने बुबुळाच्या कडेला बारीक भोक पाडतात, म्हणजे अडलेल्या पाण्याला आडवाट मिळते. हे दोन्ही डोळ्यांना करतात, कारण दुसऱ्याची ठेवणही तीच असते. चिंचोळा कोन दिसलेल्या सगळ्यांनाच हे लागतं असं नाही. चीनमधल्या ग्वांगझूत ८८९ जणांवर सहा वर्षं अभ्यास झाला, त्यात त्रास नसलेल्यांपैकी भोक न पाडलेल्या डोळ्यांतही फार थोड्यांचा कोन बंद झाला. तुमच्या पत्नीला मात्र त्रास होतो आहे, त्यांना तो निष्कर्ष लागू नाही. तपासणी होईपर्यंत सर्दीच्या, प्रवासातल्या उलटीच्या आणि पोटाच्या कळीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. त्यांतल्या अनेक बाहुली मोठी करतात.

गाडी चालवताना आणि संगणकासमोर डोळ्यांतून पाणी येतं. लासरू तर नाही ना? (ठाणे)

बहुधा डोळे कोरडे आहेत. विरोधाभास वाटेल, पण पृष्ठभाग सुकून टोचायला लागला की ग्रंथी भराभर पाणी सोडते. नळीचं पाणी घरात बसल्यावरही येतं; कोरडेपणाचं वाऱ्यात, एसीत, पडद्यासमोर. खालच्या पापणीत कागदाची पट्टी पाच मिनिटं ठेवतात: ५ मिलिमीटरहून कमी भिजली तर कोरडेपणा नक्की, १० च्या वर असेल तर पाणी बहुधा पुरेसं आहे. पुढे काच असलेलं हेल्मेट, स्क्रीन डोळ्यांच्या पातळीच्या किंचित खाली, पापण्यांवर पाच मिनिटं कोमट शेक. कृत्रिम अश्रू दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्या.

मुलगा नऊ वर्षांचा. दर उन्हाळ्यात डोळ्यांना खाज. दोन वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवर मेडिकलमधून तोच ड्रॉप आणतो, लगेच आराम पडतो. चालू ठेवू का? (जळगाव)

बाटली हातात घ्या आणि बारीक अक्षरांतलं नाव वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन यांपैकी काही असेल तर ते स्टिरॉइड आहे. 'लगेच आराम' पडतो तो त्यामुळेच. काही जणांत, विशेषतः मुलांत, स्टिरॉइडने आतल्या पाण्याची जाळी तुंबते आणि दोन ते सहा आठवड्यांत प्रेशर चढतं. पोर तक्रार करत नाही, कारण दुखत नाही. थेंब थांबवले की प्रेशर बहुतेक वेळा काही आठवड्यांत उतरतं, पण तोवर गेलेली नस परत येत नाही. मोतीबिंदूही होतो. तीच चिठ्ठी दोन वर्षं चालवायला डॉक्टरांनी सांगितलेलं नसतं; त्यांनी दहा-पंधरा दिवसांचं लिहिलेलं असतं.

खाजेला गार पाण्याची घडी, उन्हात गॉगल, खेळून आल्यावर तोंड धुणं, आणि ओलोपॅटाडिनसारखे स्टिरॉइड नसलेले थेंब. डोळे चोळण्याची सवय मोडा, चोळून कॉर्निया पातळ होऊन बाक येतो. या आठवड्यात प्रेशर आणि नस तपासून घ्या. बरेच महिने चालू असेल तर थेंब कसे उतरवत आणायचे तेही तिथेच विचारा. जाताना घरातल्या रिकाम्या बाटल्याही घेऊन जा. किती महिन्यांत किती औषध डोळ्यात गेलं, ते डॉक्टरांना त्यावरूनच कळेल.